मागे न जाणाऱ्या बसची कैफियत

तीर्थस्वरूप भावोजींना डिझेलच्या वासासकट नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो कटकट वाजतो असं ताईने कळवलं. माझी बसही वाजते, पण तुमच्या गुडघ्याला डॉक्टर तरी आहे. (आमचा मिस्त्री कपातीत गेला.)

वरच्या सरकारने राज्याचा निधी छाटला, राज्याने (म्हणजे तुम्ही बसता त्याच अर्थखात्याने) परिवहनाचं बजेट छाटलं, आणि छाटायला आणखी खाली कोणी उरलं नाही म्हणून परिवहनाने माझा रिव्हर्स गिअर छाटला. म्हणजे तो बिघडला आणि दुरुस्त करायचा नाही असं ठरलं. मॅनेजर म्हणाले, "तुला पुढेच जायचंय ना? मग मागचा गिअर हवा कशाला?" कपाळ माझं!

परवा अरुंद पुलावर मध्यापर्यंत पोचलो आणि समोरून दुसऱ्या डेपोची बस आली. मी हात केला, मागे घे. त्यानेही हात केला, तू घे. एकमेकांच्या खानदानाचा यथेच्छ उद्धार झाल्यावर उलगडा झाला, की त्याच्याही मॅनेजरचं मत तेच!

माझ्या गाडीत दिवस भरलेली एक बाई, कळा सुरू झालेल्या. तिची सासू ओरडली, "अरे, पोर पुलावरच होऊ देतोस का?" शेवटी दोन्हीकडचे प्रवासी उतरले आणि समोरची बस ढकलत ढकलत पुलाबाहेर नेली. (एक वकीलसाहेब कोट काढून भिडले, गप्प मात्र बसले नाहीत.) बाई वेळेत दवाखान्यात पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आता माझी पाठ थोपटतील म्हणता? छे! वरून परिपत्रक आलं: लोकसहभागातून बस मागे घेण्याचा उपक्रम स्तुत्य असून तो सर्व डेपोंनी राबवावा. रिव्हर्स गिअरची दुरुस्ती कायमची रद्द! भावोजी, डोक्यात तिडीक जाते हो. माणसं तिकीट काढतात ती बसायला की ढकलायला? ही कपात ज्याने केली, त्याला सहकुटुंब, सामानासकट त्या पुलावर उभं करायला हवं.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा संतापलेला मेहुणा

ता. क. तुमच्या बड्या साहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हरची जागा रिकामी आहे असं कळलं. माझ्यासाठी शब्द टाकाल का? कपातीवर सही त्यांचीच आहे, पण ते मी मुळीच मनावर घेतलेलं नाही.

आणखी ता. क. साहेबांनी भेटायला बोलावलं तर आधी फोन करा. रेल्वेने येईन. वेळेवर पोचायला हवं ना!