पहिल्या ओळीतली नावं

लातूर, एप्रिल २०१६

प्रिय भीमाशंकर,

ईमेल सोडून कागदावर लिहितेय, कारण माझे ईमेल तू बसवराजलाही वाचायला देतोस. हे पत्र त्याला दाखवलंस तर याद राख.

रविवारी रेणापूरला तुझ्या आईकडं गेले होते. बोअर आटलंय, टँकरवर भागतंय, तरी मावशींनी चहा केलाच. वर म्हणाल्या, "फोन आला की बसवराज असा अन् बसवराज तसा. दुसरं काईच बोलत न्हाई बघ पोरगं. लई हुशार हाय म्हणं?" मी हो म्हटलं. पुढचा चहा काही गोड लागला नाही.

नांदेडला कॉलेजात असताना, मेसबाहेरच्या पायरीवर बसून आपण ठरवलं होतं, आठवतंय? संगणक चालवणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट मिळते, कुणीही उघडून बघावी, बदलावी. छोट्या संगणकांवर चालते, तर बँकांच्या त्या कपाटाएवढ्या मेनफ्रेमवर आपण का चालवू नये? अर्धं काम तुझं, अर्धं माझं. मग तुला हैदराबादला नोकरी लागली, खरी मेनफ्रेम मिळाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसवराजही मिळाला. मी इथं मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर काम करते. तो इतका संथ, की सिस्टीम सुरू करून टँकरवर जावं, भांडण करून दोन घागरी आणाव्यात, तरी ती अजून उठतच असते. तुमच्या मशीनला म्हणे थंडगार पाण्याच्या नळ्या आहेत. मला त्या मशीनचा हेवा वाटतो. त्या खुर्चीचा तर फारच वाटतो.

गेल्या महिन्यात सिस्टीम मध्येच अडकायला लागली. दोष बसवराजनं लिहिलेल्या घड्याळाच्या भागात निघाला. छोटा संगणक आकडा शेपटाकडून, म्हणजे उलटा साठवतो, मेनफ्रेम डोक्याकडून, म्हणजे सुलटा. हे तो विसरला होता. सापडलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दुरुस्ती तुला पाठवली, तर तुझं उत्तर आलं की बसवराजला विचारून सांगतो. भीमा, माझं काम तू त्याला विचारून घेणार?

इथं उदगीर जिल्हा होणार म्हणून पुन्हा चर्चा सुरू आहे. लातूरही कधीकाळी उस्मानाबादेतून वेगळं झालंच की. तेव्हा ऐक. आपल्या सगळ्या कामाची प्रत घेऊन मी वेगळी चूल मांडली आहे. तशी मुभा कुणालाही आहे. तिच्यात माझी दुरुस्ती आहे आणि ती चालते. हे पत्र तुला पोचल्यावरच जाहीर करीन. दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहायला बसले. अट एकच असते, आधी काम केलेल्यांची नावं प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत असतात, ती खोडायची नाहीत. बसवराजचं नाव ठेवताना दातओठ खाल्ले. तुझं मात्र, तसा नियम नसता, तरी माझ्या नावाशेजारीच ठेवलं असतं.

अजून तरी तुझीच,
सिंधु