लेखकांच्या यादीतून खोडलेलं नाव

मी, रसेल टेंपलटन, वय ७१, राहणार पेटोनी, वेलिंग्टन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी खरं लिहिलं नव्हतं.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ब्रॉन्विन हिला मिळावी. छप्पर पश्चिमेकडून गळतं, हे मी तिला सांगितलं आहे; तिने ऐकलेलं नाही.

दोन. राष्ट्रीय मुक्तस्रोत पारितोषिकांची कागदपत्रं पारितोषिक समितीकडे जावीत. सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांना खुलं करणाऱ्यांचं निदान नाव तरी घेतलं जावं, एवढ्यासाठी मी २००७ साली हा समारंभ सुरू केला. तेव्हा ग्रंथालयाची मागची खोली, चाळीस माणसं आणि कुणीतरी घरून आणलेला पावलोवा केक, एवढाच थाट होता. पुढे हॉटेल आलं, प्रायोजक आले. २०१९ साली समितीचा अध्यक्ष ग्रॅहम वेदरॉल याने "रसेल, आपण टाळ्या वाटतो, श्रेय नाही" असं म्हणत समारंभ बंद केला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो राग आज मागे घेतो. माझी दुर्बीण त्याला द्यावी.

तीन. २००९ सालचं लाकडी सन्मानचिन्ह मेरेआना पोहातू, राहणार टोकोमारू बे, हिचं आहे. माझ्या कपाटात ते चुकीने नाही, लबाडीने आलं.

स्वयंसेवी रुग्णवाहिकांच्या पाळ्या लावणारं ते सॉफ्टवेअर मुळात तिचं. ती स्वतः रुग्णवाहिका चालवायची. मी नंतर आलो, पडद्यावरची मांडणी केली. त्या वर्षी 'एकट्याने केलेलं काम' असा नवा विभाग होता. अर्ज भरण्याआधी मी सॉफ्टवेअरसोबतच असलेल्या त्याच्या लेखकांच्या यादीतून तिचं नाव काढलं. परीक्षक मंडळातून मात्र नियमाप्रमाणे बाजूला झालो. तेवढा नियम पाळला.

समारंभाला ती माझीच पाहुणी म्हणून आली होती. तिने टाळ्याही वाजवल्या. मग कोट ठेवायच्या खोलीत मला गाठलं.

"पारितोषिक घेतलंस, घे बापड्या. पण यादीतून नाव कशाला खोडलंस? तिथे काय जागा कमी पडत होती?"

"अगं, नजरचुकीने गेलं असेल."

"नजरचूक? खोडल्याची नोंदही तिथेच राहते, रसेल. तारखेसकट, तुझ्या नावाने."

ती दुसऱ्या दिवशी घरी परतली. त्यानंतर तिने त्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळही लिहिली नाही. मी पुढे दहा वर्षं व्यासपीठावरून इतरांच्या प्रामाणिकपणाबद्दल भाषणं केली.

चार. हे सारं माझ्या मृत्यूनंतर जाहीर करावं, असं कलम मी इथे घातलं होतं. मसुदा वाचून ब्रॉन्विन म्हणाली, "बाबा, मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. सोय बघतोयस तू." ते कलम रद्द. परवा मी सगळी हकीकत माझ्या नावाने जाहीर केली, यादीत मेरेआनाचं नाव '२००८ पासून' असं घातलं आणि सन्मानचिन्ह तिला पाठवत असल्याचं कळवलं.

काल तिचं उत्तर आलं: "लाकूड पाठवू नकोस. नाव बरोबर लिहिलंस. २००८ पासून नव्हे, २००६ पासून लिही. तू येण्याआधीची दोन वर्षं पुन्हा खाल्लीस."

मी वर्ष दुरुस्त केलं आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

सही: रसेल टेंपलटन

साक्षीदार: १) आयोना मॅक्रिडी, औषधविक्रेती २) सेफो लेआवासा, शेजारी

पेटोनी, १४ मे २०२४