तिसरा प्रयत्न, सहा यार्ड

शनिवार, १९ ऑक्टोबर

काल हरलो. आता एकच सामना उरला — शुक्रवारी, आपल्याच मैदानावर. जिंकलो तर बाद फेरी, म्हणजे आणखी एक आठवडा. हरलो तर या शाळेच्या नावाने पुन्हा कुणी खेळणार नाही. शाळा बंद होतेय; पुढच्या ऑगस्टपासून पोरं बसने शेजारच्या गावात जाणार. त्यांची शाळा, त्यांचा रंग.

पोरं तेरा. आमच्या छोट्या शाळांच्या अमेरिकन फुटबॉलला मैदानात आठ लागतात. जी आठ हल्ला करतात तीच बचाव करतात. म्हणून इथे पन्नास वर्षं एकच खेळ — चेंडू पोटाशी धरा, पळा, पडा, उठा, सावकाश पुढची रांग लावा. घड्याळ चालू राहतं. समोरचे बाकावर बसून थंड होतात. कोच झेलेन्कांनी हे मला शिकवलं, मी पोरांना.

पण कोल्टन पेसेकचा हात! चेंडू असा लांब फेकणारा क्वार्टरबॅक या गावाने पाहिलेला नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

चर्चनंतर मार्डेलच्या कॅफेत. खसखस भरलेले गोड पाव, कोलाची, अजून गरम होते. पहिला घास घेतला आणि सुरू झालं —

"लॅम्बर्ट, या खेपेला तरी फेकणार का?"

"तो कसला फेकतोय! झेलेन्काचा चेला. घराला आग लागली तरी बादली घेऊन चालतच येईल."

सगळे हसले. विनोद १९८४ पासूनचा आहे. मीही हसलो. दर वेळी हसतो.

मार्डेल कॉफी ओतत म्हणाली, "म्हाताऱ्याला नावं ठेवायची तर बाहेर जाऊन ठेवा. आणि जाताना बिल द्या."

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सरावात घाईचा खेळ लावून पाहिला. पडलेला उठतो न उठतो तोच पुढची रांग. मध्ये जमून कुजबुजणं नाही, नुसती बाकावरून खूण. खूण कोचचीच जुनी — टोपी काढली की फेक, डोक्यावर राहिली की पळ. ती फक्त क्वार्टरबॅकला ठाऊक. दुसरी काही सुचली नाही.

पोरं हसत पळत होती! कोल्टन धापा टाकत आला. "कोच, हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत?"

शेवटी तिघं गवतावर आडवे. घाईत आपणच दमतो. शिवाय फेक वाया गेली की घड्याळ थांबतं, समोरच्याला फुकटचा वेळ मिळतो. हे काही खोटं नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

ठरत नाही. टेबलावर बाटल्यांचे खेळाडू मांडून बसलो होतो. बायको, जोलीन, म्हणाली, "मिठाची बाटली कुणाच्या मागे पळतेय ते नंतर बघ. आधी जेव."

गुरुवार, २४ ऑक्टोबर

संध्याकाळी मैदानाच्या कुंपणापाशी पिकअप ट्रक लागले. सामना बघायला जागा धरायची म्हणून आदल्या दिवशी लावून ठेवायचे आणि चालत घरी जायचं, ही इथली रीत. लहानपणी आम्ही वडिलांच्या ट्रकचा हॉर्न कोण वाजवणार यावरून भांडायचो.

कोच स्वतः ट्रक घेऊन आले. एक्याऐंशीचे आहेत. मागे घेताना खांबाला घासला. "खांब पुढे आलाय," म्हणाले.

मैदानाकडे बघत उभे राहिलो. आमचा बाक पूर्वेला. दुपारी ऊन थेट तोंडावर.

"डोळे गेले माझे या बाकावर," ते म्हणाले. "कुठल्या गाढवाने इथे बांधला!"

"तुम्हीच, कोच."

"हो, माहीत आहे."

मग मी विचारलं. सावकाश की घाई?

"संघ तुझा आहे."

"तरी?"

"पोराला जे येतं ते खेळव. तुला पळता यायचं."

आणि गेले.

१९८४. उपांत्य सामना, हेच मैदान, अशीच दुपार. मी क्वार्टरबॅक, सतरा वर्षांचा. तीन गुणांनी मागे. वीस सेकंद उरलेले, गोलरेषा पाच यार्डांवर. मी बाकाकडे पाहिलं. कोचनी टोपी काढली — फेक. फेकायचं धाडस झालं नाही. मी चेंडू पोटाशी धरला आणि पळालो. एक यार्ड आधी पडलो. घड्याळ संपलं.

नंतर म्हणालो, "कोच, टोपी दिसली नाही. ऊन डोळ्यांवर होतं."

"बरं," म्हणाले. पेपरच्या बातमीदाराला सांगितलं — पळायला मीच सांगितलं होतं. तेव्हापासून बादलीचा विनोद त्यांच्या नावावर आहे.

हे आज पहिल्यांदा लिहितोय. उद्या फेकणार.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

फेकलं! तीन वाजता सुरुवात, आणि पहिल्या दहा मिनिटांत तीनदा गोलरेषेपार, तीन टचडाउन. कुंपणावरचे सगळे हॉर्न एकदम. कॅफेतली मंडळी बॉनेटवर उभी.

मग पाय जड झाले. समोरचे गुणांत जवळ येत गेले. ३८–३४. दोन मिनिटं उरली, चेंडू आमच्याकडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे. हा तिसरा, सहा बाकी. अशा वेळी सगळेच सावकाश खेळतात. पळायचं, पडायचं, चाळीस सेकंद खायचे. त्यांच्याकडे घड्याळ थांबवायची सोय उरली नव्हती. ऊन इतकं होतं की मला कोल्टन नुसता सावलीसारखा दिसत होता. त्याने बाकाकडे पाहिलं. मी टोपीला हात लावला नाही.

त्याने फेकला.

बोटांना लागून गेला. घड्याळ थांबलं. चौथ्याला चेंडू लाथेने लांब दिला. नऊ सेकंद उरलेले असताना त्यांनी रेषा ओलांडली. ४०–३८.

कोल्टन समोर उभा राहिला. हेल्मेट काढवत नव्हतं त्याला.

"कोच, टोपी दिसली नाही. ऊन डोळ्यांवर होतं."

"बरं," मी म्हणालो.

कुंपणापलीकडून ओरडले, "लॅम्बर्ट! तिथे फेकायला कुणी सांगितलं?"

"मी."

"अरे, झेलेन्काने हे कधी केलं नसतं!"

मग एक हॉर्न वाजला. मग दुसरा. हरलेल्या सामन्याला इथे हॉर्न वाजवत नाहीत. आज बराच वेळ वाजवत राहिले. घरी कुणी जाईना.

रविवार, २७ ऑक्टोबर

कोचकडे गेलो. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. "चौऱ्याऐंशी साली —" एवढंच म्हणालो.

"टोपी तुझ्या डोक्यावरच होती परवा," ते म्हणाले. "पोरगा काय म्हणाला?"

"ऊन डोळ्यांवर होतं म्हणाला."

ते हसले.

"आपल्या बाकाकडे बघणाऱ्याच्या पाठीवर ऊन असतं, लॅम्बर्ट. तेव्हाही होतं."