एकेचाळीसपैकी चाळीस

७ मार्च
मी नऊ वर्षांची असताना पियानोशेजारच्या स्टुलावर बसून मिकेशोवा बाई म्हणाल्या होत्या, "ब्लान्का, सूर चुकला तर चुकू दे, पण चुकलेला सूर असा ठासून वाजवू नकोस. ऐकणाऱ्याला तो खरा वाटतो." आज सदतीस वर्षांनी ते वाक्य आठवलं, कारण आज मला माझं खरं काम सापडलं. प्रागहून सिनेमावाले आले होते. आमच्या गावचा संगीतकार ओंद्रेय क्रेसा, मृत्यू १७९८, त्याच्यावर मोठा सिनेमा निघतोय. त्याच्या जन्मघराचं म्युझियम मी सांभाळते. दोन खोल्या, एक जिना, वर्षाला तीनशे माणसं. दिग्दर्शक टिबोर व्लासाक म्हणाला, "ब्लान्काबाई, इतिहास तुमच्या हवाली. एकही चूक राहता कामा नये."

जाताना तो जिन्याखालच्या छोट्या पाटीशी थांबला. 'योझेफ मिकेश, क्रेसाचा नकलनवीस.' विचारलं, हा कोण? मी सांगितलं, क्रेसाचं संगीत स्वच्छ उतरवून काढायचा, शेवटच्या आजारात त्यानेच शुश्रूषा केली, आणि आमच्या मिकेशोवा बाई त्याच वंशातल्या शेवटच्या. टिबोर पाटीकडे बराच वेळ बघत राहिला.

"खोलीत तो एकटाच असायचा का?"

चौकस माणूस. आवडला मला.

संकल्प: एकही चूक राहू द्यायची नाही.

१९ मार्च
स्क्रिप्ट आली. वाचून चुकांची लिस्ट केली. एकेचाळीस. टेबलावर लय मोजणारा मेट्रोनोम, जो निघायला अजून सतरा वर्षं आहेत. गरिबाच्या घरी मेणाच्या मेणबत्त्या, चरबीच्या हव्यात. पत्रं पाकिटात. पाकिटं कुठली त्या काळी? पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करायचे. पोलादी टाक. सूपमध्ये टोमॅटो. क्रमांक एकेचाळीस: नकलनवीस मिकेश मत्सरापोटी क्रेसाला हळूहळू विष घालून मारतो.

चर्चच्या नोंदीत स्पष्ट आहे, क्रेसा छातीच्या दुखण्याने गेला.

पावेलला लिस्ट वाचून दाखवली. तो मधमाश्यांच्या पेट्यांना रंग देत होता. म्हणाला, "अगं, एकेचाळिसावी पहिली का नाही?" लिस्ट पानांच्या क्रमाने आहे म्हटलं. नवऱ्याला कामातली शिस्त समजावणं अवघड.

२ एप्रिल
बैठक. मेट्रोनोम गेला! मेणबत्त्या बदलणार! टिबोरने माझ्यासमोर टोमॅटोवर काट मारली. एकूण बावीस चुका एका दुपारी. शेवटी मी खुनाचं काढलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बघू."

'बघू' म्हणजे जवळजवळ होच. नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाला असता.

बाईंना इतक्यात काही सांगायचं नाही. जे निघून जाणार आहे त्याचा त्रास त्यांना का?

१५ एप्रिल
बाईंकडे कोलाचे, फळं भरलेले गोड पाव, घेऊन गेले. एक्याऐंशी वर्षं, बोटं सांध्यांत वाकलेली, पण जिभेला काही झालेलं नाही. म्हणाल्या, "आलुबुखार कमी, मैदा जास्त. म्युझियममध्ये पगार थकला का?" मग विचारलं, "आमच्या योझेफला सिनेमात काय काम दिलंय?"

"मोठं काम आहे, बाई."

"बोलतो का काही?"

"बोलतो."

"घरात म्हणे तोंड उघडत नसे," त्या म्हणाल्या आणि खूश झाल्या. एवढ्या खूश की मी दुसरा कोलाच न खाताच निघाले.

मी एकही शब्द खोटा बोलले नाही.

२८ एप्रिल
एकोणचाळीस चुका गेल्या. राहिल्या दोन. एकेचाळिसावीबद्दल टिबोर अजून 'बघू'च म्हणतोय, म्हणजे विचार चालू आहे. चाळिसावी भयंकर आहे. मिकेशचं कबुलीचं पत्र. त्यांच्या माणसाने तयार केलेला नमुना पाहिला. कागद चहात बुडवलेला. अक्षर आजकालच्या लग्नपत्रिकेसारखं. मी सांगितलं, नकलनवीस होता तो, पोट अक्षरावर होतं त्याचं!

टिबोर म्हणाला, "मग तुम्हीच लिहा ना. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

जुनं वळण या जिल्ह्यात मलाच येतं हे खरं आहे. खून निघाला की पत्रही निघेल. पण समजा राहिलंच, तर निदान बरोबर तरी असावं.

३ मे
मिकेशच्या हातच्या नकला आमच्याकडे आहेत, पण सुरांच्या. साधं लिखाण एकच, बायकोला पाठवलेलं पत्र, आणि ते बाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात. मागितलं. "कशाला गं?" म्हणाल्या. अभ्यासाला, म्हटलं. अभ्यासच आहे हा. त्यांनी पुस्तकातून अलगद काढून दिलं. "घडीवर जोर देऊ नकोस. माझी आई मला एकटीला याला हात लावू देत नसे."

घरी येऊन वाचलं. क्रेसा गेल्यानंतर चार दिवसांनी लिहिलेलं. "शेवटचे अकरा दिवस त्याने माझ्याच हातचं सूप घेतलं. दुसऱ्या कुणाचं त्याला चालत नसे. आता चमचा हातात घेतला की कुणाला भरवायचं ते कळत नाही."

मला रडू आलं. पावेलने विचारलं काय झालं. मी म्हटलं, 'स'चं वळण फार सुंदर आहे.

११ मे
झालं! ओकच्या झाडावरच्या गाठींपासून केलेली जुन्या रीतीची शाई, हंसाचं पीस. कागदासाठी म्युझियममधल्या १७९६ च्या वहीचं शेवटचं पान घेतलं. कोरंच होतं. कोऱ्या पानात इतिहास नसतो.

स्क्रिप्टमधली भाषा अगदीच आजची होती. "माझ्या मनात द्वेष दाटून आला होता" असं तो माणूस लिहीलच कसा? भाषाही त्याचीच हवी. म्हणून त्याच्या खऱ्या पत्रातली सुपाची दोन वाक्यं घेतली, आणि त्यांच्यापुढे स्क्रिप्टमधली चिमूटभर पावडर. जोड कुठे दिसत नाही. बाईंच्या पत्राशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा क्षणभर मलाच कळेना, कुठलं कुठलं.

तेवढ्यापुरतं खोलीत गार वाटलं. खिडकी बंद होती. मे महिना असाच असतो आमच्याकडे.

१३ मे
टिबोरने पत्र वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मग हळू म्हणाला, "सुपाचं ते... अंगावर काटा आला हो. आता खून काढता येणारच नाही. सगळा सिनेमा या पत्रावर उभा आहे."

घरी येऊन हिशोब केला. एकेचाळीसपैकी चाळीस. सत्त्याण्णव टक्के. अशा सिनेमांत पन्नास टक्के म्हणजे डोक्यावरून पाणी.

पावेल म्हणाला, "मेणबत्ती खरी, बटण खरं, आता खून कोण खोटा म्हणेल?" पेट्यांकडे निघून गेला. जेवायला आला नाही.

२० मे
बाईंना पत्र परत केलं. घडीला काही झालेलं नाही, तीनदा दाखवलं. "झाला अभ्यास?" म्हणाल्या. झाला म्हटलं.

संकल्प: प्रीमियरच्या आधी बाईंना सगळं नीट समजावून सांगायचं.

१५ नोव्हेंबर
उद्या प्रीमियर. आज सांगणार होते. बाईंनी टोपीला नवी फीत लावून ठेवली होती. अशा वेळी नको. शिवाय कलाकृती आधी पूर्ण पाहावी, मग बोलावं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सोकोल व्यायामशाळेचा हॉल भरलेला. बाई माझ्या डावीकडे, पहिल्या रांगेत. पहिला तास सुरेख. मी कानात सांगत होते, बटणं शिंगाची आहेत, बघा, चरबीच्या मेणबत्तीचा धूर कसा काळा निघतो बघा. त्या मान डोलवत होत्या. योझेफ आला तेव्हा माझा हात धरला.

मग त्याने पुडी काढली. बाईंनी हात सोडला.

मग पत्र. नट फार छान वाचतो. शेवटचे अकरा दिवस त्याने माझ्याच हातचं सूप घेतलं. हॉलमध्ये कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. बाई पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आणि ओठांतल्या ओठांत चमच्याचं वाक्य म्हणत होत्या, जे सिनेमात नाही.

उठल्या. कोट घेतला. वाकून विचारलं, "ब्लान्का, पुढचं वाक्य का गाळलंस?"

मी म्हटलं, पानावर जागा नव्हती.

खरंच नव्हती.

२ डिसेंबर
बसगाड्या येतायत. एका आठवड्यात वर्षभराची माणसं. सिनेमावाल्यांनी ते पत्र म्युझियमला भेट दिलं, नगराध्यक्षांनी ते पुढच्या खोलीत काचेखाली ठेवायला लावलं. मी खाली पाटी लावली, 'चित्रपटासाठी तयार केलेली वस्तू'. लोक पाटी वाचत नाहीत. सूप वाचतात आणि एकमेकांकडे बघतात.

मग विचारतात, त्या घरातलं कुणी आहे का अजून गावात? मी उत्तर देत नाही. पण दारातला तिकीटवाला बोटाने गल्ली दाखवतो.

१८ डिसेंबर
दुकानात बाई पुढे होत्या. गाजर, सेलरी घेतली. दुकानदार म्हणाला, "काय बाई, आज सूप? पाहुणे कोण, बिचारे?" रांग हसली. मीही रांगेत होते. मी हसले नाही, हे नोंदवून ठेवते.

पावेल सांगत होता, बाईंच्या पायरीवर कुणीतरी उंदराच्या औषधाचा पुडा ठेवला होता, लाल फितीत बांधून. नाताळ जवळ आलाय, लोक चेष्टा करतात. विसरतील. जानेवारीत सगळं थंडावतं.

१० जानेवारी
थंडावलं नाही. पुढच्या खोलीतली पाटी नाहीशी झाली आहे. आज ब्रनोहून एक कागदतज्ज्ञ आले, टीव्हीवाले बरोबर. भिंग लावून तपासलं. कागद त्या काळचा. शाई त्या काळची. अक्षर मिकेशच्या नकलांवरच्या शीर्षकांशी तंतोतंत. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, सिनेमावाल्यांना हे पत्र कुठून मिळालं माहीत नाही, पण ते अस्सल आहे.

माझ्या कामाचं असं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं, ते इथे लिहून ठेवते. इथे कुणी वाचणार नाही.

उद्या नगराध्यक्षांना सांगून टाकते. पाच मिनिटांचं काम आहे. सगळं मिटेल.

१४ जानेवारी
चार दिवस ते भेटले नाहीत. आज भेटले. मी सांगितलं, ते पत्र मी लिहिलंय. ते हसले, खुर्ची दिली, पाणी दिलं. "ब्लान्का, दमली आहेस तू. एवढी गर्दी, सांभाळणारी तू एकटी." मी म्हटलं लिहून दाखवते. पीस आणि शाई घेऊनच गेले होते. पहिलीच ओळ. 'स' मेलेल्या माशीसारखा उमटला.

त्यांनी कागद पाहिला, हळुवारपणे घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. "त्या म्हातारीसाठी तू हे करतेस ते कळतंय मला. मोठ्या मनाची आहेस."

टिबोरला फोन केला. त्याचा माणूस म्हणाला, साहेब परदेशात आहेत, तुमच्या कामावर फार खूश आहेत.

२५ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये बाई त्यांच्या नेहमीच्या जागी, डावीकडे तिसरा बाक. त्या बाकावर दुसरं कुणी नाही. पुढचा रिकामा. मागचा रिकामा. बाकीचे लोक उजवीकडे दाटीवाटीने, कोट मांडीवर घेऊन. चाळीस वर्षं याच चर्चमध्ये त्यांनी ऑर्गन वाजवला, या सगळ्यांच्या लग्नांत, यांच्या आईबापांच्या अंत्यविधींत. गाणं सुरू झालं तेव्हा डावीकडून एकच आवाज येत होता, पातळ, पण सुरात.

मी उजवीकडे बसले होते. पावेलने जागा धरली होती म्हणून. नाही. पावेल आलाच नव्हता.

३१ जानेवारी
आज संकल्प नाही.

सकाळी बाईंच्या दारापर्यंत जाऊन आले. पडदा हलला, दार उघडलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही उघडलं नसतं. पावेलला विचारलं, चिठ्ठी टाकू का. म्हणाला, "टाक. नाहीच म्हणतील, पण टाक." मलाही माहीत आहे नाहीच म्हणतील.

पाच वेळा लिहिली. पहिल्या चारांत कारणं होती. पाचवी साध्या पेनने, माझ्या स्वतःच्या अक्षरात, आणि तीच पाकिटात घातली आहे:

बाई, उद्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर तुमच्या शेजारी मला बसू द्याल का?