मी कोठे पाहत होतो, याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
आमच्या विभागाचे पोलीस ठाणे,
डोंबिवली (पश्चिम), जि. ठाणे.

अर्जदार: श्रीपाद आत्माराम पालांडे, वय ६७, सेवानिवृत्त, रा. मधुमालती सोसायटी, दुसरा मजला, डोंबिवली (पश्चिम).

विषय: चित्रीकरणाच्या वेळी अर्जदार लहान मुलीकडे पाहत नसून बटाटेवड्यांच्या ताटलीकडे पाहत होता, असा दाखला मिळणे, व त्याआधारे अर्जदारास स्वतःच्या नातीला शाळेतून घरी आणता येणे.

संदर्भ: १) ‘सावधान’ या मथळ्याने मोबाईलवर फिरत असलेली चित्रफीत.
२) शाळेच्या मुख्याध्यापिकांची तोंडी सूचना.

महोदय,

या कामी मी स्वतः आपल्यासमोर उभे राहणे रीतीला धरून झाले असते. परंतु आपल्या ठाण्याचा रस्ता भाजी मार्केटमधून जातो आणि तेथून पायी जाण्याचे धैर्य सध्या माझ्यात नाही. सबब हा अर्ज दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझा मुलगा प्रशांत तो आणून देईल. अक्षर थरथरले आहे त्याचा राग नसावा. वागळे इस्टेटमधील रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला असताना ह्याच अक्षराचे साहेब लोक कौतुक करीत.

१. माझा मुलगा व सून दोघेही नोकरीसाठी सकाळीच ठाण्याला जातात. पत्नी सौ. नीला हिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. नात मंजुळा इयत्ता पहिलीत, मराठी माध्यमात शिकते. दुपारी तिला शाळेतून आणणे हे निवृत्तीनंतर माझ्याकडे उरलेले एकमेव जबाबदारीचे काम आहे. ते काम शाळेने काढून घेतले असून ते परत मिळावे एवढीच माझी मागणी आहे. बाकीचा मजकूर हे असे का झाले, ते सांगण्यापुरता आहे.

२. आमच्या वरच्या मजल्यावरील कु. ऐश्वर्या ही एका कॉलेजात चित्रपट तयार करण्याचे शिक्षण घेते. ‘एकही संवाद न वापरता, केवळ प्रकाश आणि संकलन यांच्या आधारे प्रेक्षकाच्या मनात भीती निर्माण करा’ असा प्रकल्प तिला मिळाला होता. संकलन म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून एकमेकांना जोडणे. हा शब्द मला तोवर फक्त कचऱ्याच्या गाडीवर वाचून माहीत होता. मुलगी गुणी आहे, शिकते आहे, आपण शेजारी म्हणून नाही कसे म्हणावे, असा विचार करून मी होकार दिला.

तिने माझ्या खोलीच्या खिडकीला सौ. नीलाची काळी चंद्रकळा बांधून दिवसाढवळ्या अंधार केला. मग मोरीतली बादली आणून तीत दिवा ठेवला व ती बादली माझ्या पायांशी ठेवली. उजेड खालून आला की माणसाच्या नाकाची सावली कपाळावर चढते आणि भुवया आगीत धरल्यासारख्या दिसतात, हे मला नव्याने समजले. सौ. नीला म्हणाली, “अहो, खवीस दिसताय.” हे ऐकून ऐश्वर्याला अतिशय आनंद झाला. ती म्हणाली, “काका, बस, असेच राहा. अ‍ॅक्टिंग नका करू. फक्त समोर असं काहीतरी बघा जे तुम्हाला पाहिजेय, पण मिळणार नाहीये.”

कॅमेऱ्यामागे टेबलावर, चित्रीकरणाला आलेल्या कॉलेजच्या मुलांसाठी आणलेल्या गरम बटाटेवड्यांची ताटली होती. मला मधुमेह आहे आणि सौ. नीला दारातच उभी होती. मी त्या ताटलीकडे पाहिले. यापलीकडे त्या वेळी माझ्या मनात काहीही नव्हते, हे मी प्रतिज्ञेवर लिहून देण्यास तयार आहे.

३. पुढच्या रविवारी बागेत मंजुळाचे चित्रीकरण झाले. पिवळा फ्रॉक घालून ती घसरगुंडीवर खेळत होती आणि मी तिची पाण्याची बाटली धरून शेजारी उभा होतो. कॅमेरा चालवणारा ऐश्वर्याचा वर्गमित्र प्रीतम मला म्हणाला, “काका, फ्रेममध्ये येताय तुम्ही, जरा मागे व्हा ना.” मी कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. मंजुळा घसरगुंडीवरून उतरून हसली, ती मला पाहून हसली.

म्हणजे वस्तुस्थिती अशी की मी वड्यांकडे पाहिले आणि नातीने माझ्याकडे पाहिले. संकलनात वडे गेले, बागेतला मीही गेलो. माझा चेहरा आणि तिचे हसणे एवढेच एकापुढे एक जोडले गेले. त्यामुळे कोणालाही वाटते की अंधारात बसलेला एक म्हातारा एका पोरीवर डोळा ठेवून आहे. त्यानंतर तिसऱ्या तुकड्यात घसरगुंडी रिकामी दिसते. ऐश्वर्याला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले आणि तिने पेढे आणून दिले. मला अर्धाच मिळाला.

४. पुढे तिने जाहिरात म्हणून त्यातला लहानसा तुकडा मोबाईलवर टाकला. तो कोणी उचलला ते ठाऊक नाही. त्यावर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिले: ‘सावधान. मुले पळवणारा हा इसम कल्याण-डोंबिवली परिसरात फिरत आहे. प्रत्येक आईबापापर्यंत पोहोचवा.’

येथे एक गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण ती आपल्या तपासात निघणारच. ती चित्रफीत मला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या गटात आली. चष्मा जवळ नव्हता. मी फक्त लाल अक्षरे वाचली, आणि जबाबदार नागरिक या नात्याने ती माझ्या सर्व गटांत पाठवली. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असे खाली स्वतः लिहिले. मंजुळाच्या शाळेतील पालकांच्या गटात ती सर्वप्रथम माझ्याच नंबरवरून गेली आहे. चहाच्या वेळी सौ. नीलाने ती उघडून पाहिली आणि कप खाली ठेवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “अहो, हे तुम्ही आहात.”

५. त्यानंतर जे झाले ते थोडक्यात असे. एका सकाळी एकाच वेळी मी तिकडे ठाण्याला टेंभी नाक्यावर व इकडे कल्याणपलीकडे आंबिवली स्टेशनबाहेर अशा दोन्ही ठिकाणी दिसल्याचे मेसेज आले. त्या वेळी मी घरी मटार सोलत होतो. ओळख पटू नये म्हणून मी मिशी काढली, तर सोसायटीच्या गटात ‘वेषांतर’ असा शब्द आला. तोंडाला मास्क लावून बाहेर पडलो, तर वॉचमनने मला स्वतःच्या इमारतीत शिरताना अडवले. तो मला दहा वर्षे ओळखतो.

मंगळवारी भाजी मार्केटमध्ये मी कोथिंबीर निवडत असताना एक तरुण समोर मोबाईल धरून उभा राहिला. पाहता पाहता पाच-सहा जण जमले. कोणी आधार कार्ड मागत होते, कोणी “हाच तो, डोळे बघ ना याचे,” असे म्हणत होते. एकाने कॉलर धरली, शर्टाची दोन बटणे तुटली. साहेब, कोणी तोंडाजवळ मोबाईल धरला की माणसाचे डोळे आपोआप तसेच होतात. माझे नाव मला सांगता आले नाही. भाजीवाल्या हौसाबाई पाटीवरून उठून मध्ये पडल्या म्हणून निभावले. त्या म्हणाल्या, “ए, सोड त्यांना. रोजचं गिऱ्हाईक हाय माझं. जुडीमागं मिरच्या फुकट मागतंय, त्ये काय पोरं पळवतंय?” लोक हसले व पांगले. मी घरी आलो आणि तेव्हापासून पायी बाहेर पडलेलो नाही. जिन्यात जोरात पाऊल वाजले तरी उठून कडी तपासतो. ह्या वयात भीती वाटते असे लिहिण्याची लाज वाटते, परंतु वाटते ती खरी.

६. मी स्वस्थ बसलो नाही. ऐश्वर्याकडे जाऊन तो तुकडा काढायला सांगितले. तिने रडत रडत लगेच काढला. त्यावर लोक म्हणू लागले की प्रकरण दाबले जात आहे.

मग तिने मला लॅपटॉपवर संकलन समजावून दिले. माझ्या त्याच चेहऱ्यापुढे तिने वड्यांची ताटली जोडली, तर मी नुसता हावरट दिसलो. रिकामी खुर्ची जोडली, तर विधुर दिसलो, सौ. नीला शेजारीच उभी असल्याने तिला ते आवडले नाही. नंतर मंजुळाचे हसणे जोडले, तेव्हा मी स्वतःच तिला लॅपटॉप मिटायला सांगितले. चेहऱ्यात तसूभर फरक नव्हता. ती पोर म्हणाली, “सर शिकवतात ना काका, अर्थ शॉटमध्ये नसतो, पुढच्या शॉटमध्ये असतो. मला वाटलेलं हे फक्त परीक्षेपुरतं आहे.”

सुदैवाने खोलीतल्या चित्रीकरणाच्या दिवशी प्रीतमने कॅमेरा उशिरा बंद केला. मी खुर्चीतून उठतो, कॅमेरा माझ्याबरोबर वळतो, मी ताटलीतला वडा उचलतो व सौ. नीला तो काढून घेते, हे सर्व मूळ चित्रीकरणात सलग आलेले आहे. आम्ही ते सर्व गटांत पाठवले. उत्तर आले की हे एडिट केलेले आहे, वडे मागाहून घातलेत. जे कापून जोडले ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे, आणि जे न कापता ठेवले ते बनावट ठरले. यापुढे काय पुरावा द्यावा हे मला कळत नाही.

७. गुरुवारी मुलासह रिक्षाने आपल्या ठाण्यात आलो होतो. ड्युटीवरील हवालदारांनी आपुलकीने ऐकून घेतले, पाणी दिले. परंतु ते म्हणाले, “काका, तुमच्यावर गुन्हा नाही एवढं लिहून देऊ शकतो. तुम्ही कुठे बघत होता हे आम्ही कसं लिहून द्यायचं?” शिवाय अफवा पसरवल्याबद्दल तक्रार द्यायची झाल्यास पालकांच्या गटातला पहिला नंबर माझाच येतो, हेही त्यांनी लक्षात आणून दिले. अशा रीतीने ज्याच्यापासून सावध राहायचे तो मी, सावध करणारा मी आणि तक्रारदारही मीच. शेवटी हवालदारसाहेबांनी अर्ज लेखी द्यायला सांगितले.

८. मुख्याध्यापिका बाई मला ओळखतात. त्या म्हणाल्या, “आजोबा, मला माहितीये हो. पण पालक ऐकत नाहीत. पोलिसांचं काहीतरी लेखी आणा.” तोवर सूनबाई अर्ध्या दिवसाची रजा काढून मंजुळाला आणत होती. शुक्रवारी तिला रजा मिळाली नाही, म्हणून मुलाने शाळेला फोन केला आणि मी रिक्षाने गेटपर्यंत गेलो. बाईंनी मंजुळाला पुढे आणले व रिवाज म्हणून विचारले, “बाळ, हे कोण आहेत?”

मी हात पुढे केला होता. मंजुळा बाईंच्या पदरामागे गेली आणि म्हणाली, “आजोबाच आहेत. पण मोबाईलमधले.” वर्गातल्या कोणाच्या तरी आईने तिला ती चित्रफीत दाखवली होती, असे नंतर समजले. मुलगा ठाण्याहून येईपर्यंत ती शाळेच्या ऑफिसात बसली व मी गेटबाहेर रिक्षात बसून राहिलो.

महोदय, मार्केटमधील भीती मी सोसू शकतो. जमाव दोन दिवसांनी दुसरीकडे जातो. परंतु आता घरात मी खोलीत शिरलो की मंजुळा आधी ट्यूबलाइट लावायला सांगते. लख्ख उजेडात माझे तोंड नीट पाहून घेते, मग खेळायला लागते. हात मात्र देत नाही. मी तिला दोष देत नाही. मीही ती चित्रफीत इतक्या वेळा पाहिली आहे की दाढी करताना आरसा हलवून उजेड वरून येतो ना, ते पाहतो. खरे सांगायचे तर त्या गेटवर बाईंच्या जागी मी असतो, तर त्या माणसाच्या हाती मीही मूल दिले नसते.

तरी विनंती की,

(अ) मूळ चित्रीकरण आपण स्वतः पाहावे, आणि माझी नजर ताटलीकडे होती असा दाखला शाळेच्या नावे द्यावा.

(आ) कु. ऐश्वर्या हिच्यावर कारवाई करू नये. तिच्या वडिलांनी तिचे शिक्षण बंद करण्याचे बोलून दाखवले आहे. तसे होऊ नये म्हणून आपण त्यांना दोन शब्द सांगावेत. चित्रफीत पुढे पाठवल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

(इ) शाळेच्या दाखल्याखेरीज एक वेगळा दाखला कु. मंजुळा हिच्या नावे द्यावा. मी सांगून तिला पटत नाही, कारण सांगणारा मीच आहे. पोलिसांवर तिचा विश्वास आहे. ती पहिलीत असल्यामुळे तिला अद्याप जोडाक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून आपला वेळ जाऊ नये यासाठी मसुदा खाली देत आहे. यात एकही जोडाक्षर नाही, मी दोनदा तपासले आहे. कृपया यात कचेरीची भाषा घालू नये. खाली सही व गोल शिक्का असावा, शिक्का तिला ओळखता येतो.

‘मंजुळा, मोबाईलमधले आजोबा खोटे. दारात उभे आहेत ते खरे. आजोबांचा हात धर. घरी जा.’

आपल्या उत्तराची वाट पाहत घरातच असलेला,

(सही)
श्रीपाद आत्माराम पालांडे

स्थळ: डोंबिवली (पश्चिम)
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सोबत:
१) मूळ चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह, न कापलेला.
२) आधार कार्डाची प्रत (फोटोत मिशी आहे).
३) सौ. नीला श्रीपाद पालांडे यांचे निवेदन, की वडा त्यांनीच काढून घेतला.
४) कु. मंजुळा हिचे पहिलीचे पुस्तक. तिला कुठवर वाचता येते ते कळावे म्हणून पानाला खूण केली आहे.