नुसतं तोंड हलव म्हणालात

नुसतं तोंड हलव, आवाज काढू नको, असं तुमी मला म्हणालात. पण ते कधीपर्यंत हलवायचं, ते सांगितलं न्हाई. तपासणीचा साहेब बीडहून आला, शाळा बघितली, चहा पिऊन गेला. त्याला ते गाणं त्याच सांजंला इसरलं असंल. मी मात्र साठ वर्सं तोंडच हलवायले.

गुरुजी, मी ती तिसरीतली पोरगी, दिवाळी झाली की मायबापासंगं ऊसतोडीला जायची आन उन्हाळ्यात परत यायची. हजेरीत माझ्या नावापुढं निम्मं वरीस फुल्याच. त्या वर्सी परत आले तर समद्या पोरींना स्वागताचं गाणं पाठ, मलाच न्हाई. दोन दिसात मीबी पाठ केलं. तुमी ओळीत उभं करून एकेकीचं ऐकलं. माझ्यापशी आलात, छडी खांद्याला टेकवली आन म्हणालात, "हा आवाज बैल हाकायचा हाय. तू मागं उभी राहा, नुसतं तोंड हलव." पोरी हसल्या. तुमचं खोटं न्हवतं. कारखान्याच्या रस्त्यानं उसाच्या गाडीवर बसून मी बैलच हाकायची, आवाज तिथंच घडलेला. पण खरं बोलून झाल्यावर माणसानं त्या लेकराचं पुढं काय करायचं, ते तुमच्या पुस्तकात न्हवतं वाटतं.

तुमाला धड शिव्यापण देता येत न्हाईत, ही एक अडचण. कारण पुढच्या दिवाळीनंतर आमची गाडी निघाली तवा तुमी पळत आलात. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात पाटी आन पुस्तक. माझ्या बापाला म्हणालात, "शाळा सोडली तर सोडली, वाचायचं सोडू देऊ नका." त्या पाटीवर मी फडावरच्या पाचटाच्या कोपीत, चुलीच्या उजेडात अक्षरं गिरवली. आज हे लिहायलेय ते त्याच्याच जोरावर. म्हणजे लिहायचा आवाज दिलात आन गळ्यातला काढून घेतलात. जमाखर्च तुमीच बघा, मला येत न्हाई.

आता माझा गुडघा गेलाय. खाट टीव्हीच्या खोलीत टाकलीय, कारण मोरी तिथून जवळ. त्यामुळं टीव्हीवर जे लागंल ते बघायचं, उठून जायची सोय न्हाई. आन हिथं लागतंय काय, तर गाण्याची स्पर्धा. लेकरं उभी ऱ्हातात, गातात, आन समोर खुर्चीत तिघं बसलेले असतात, ते सांगतात गाणं कसं झालं. आमच्या घरात समद्यांना लई आवडतंय, पण एकाला जे आवडतंय ते दुसऱ्याला न्हाई. सुनंला गाणाऱ्याची माय आवडती. "आत्या, बघा बघा, कशी रडायली बिचारी!" मी म्हणते, "पोराचं गाणं संपू दे, मग रड म्हणावं तिला." लेकाला आपल्याकडल्या एखाद्या खेड्यातलं पोर आलं की मांडी सावरून बसायला आवडतं, जसं काय पोटचंच गायलंय. शेजारची माझी जाऊ तर पहिल्या दिसापासून बोंबलती, "समदं ठरवलेलं असतंय. ज्याच्या घरी जास्त रडगाणं, त्याला जास्त मतं."

"मग रोज येतीस कावून?"

"तुमच्या पंख्याला वारा लई."

मला काय आवडतंय, ते आजवर कुणाला सांगितलं न्हाई. मला गाणं नको. गाणं संपतं, लेकरू हात जोडून उभं ऱ्हातं, आन खुर्चीतला माणूस बोलायच्या आधी थोडा थांबतो, मला तेवढंच पाहिजे. तवा आमच्या घरात घास हातात ऱ्हातो. आन त्यो माणूस "न्हाई" म्हणला की माझ्या जिवाला बरं वाटतं. लेकरू खाली मान घालून जातं आन मी सुनंला म्हणते, "वाढ गं अजून थोडी भाजी." आपण कसे हाओत, ते ह्या वयात कळून काय उपयोग?

तुमाला आणखी एक दिवस सांगते. माझ्या लेकाचं लगीन. हळदीचं जातं मांडलं, जात्याला हळकुंड बांधलं. नवरदेवाच्या मायनं खुंटा धरून पहिली ओवी म्हणायची, मग बाकीच्या बायांनी. तोवर मी समद्यांच्या लग्नात गर्दीत बसून तोंड हलवून भागवलं होतं, कुणाला पत्ता न्हाई. त्या दिवशी गर्दी गप, समदी माझ्याकडं बघायलेली. मी खुंटा धरला, तोंड उघडलं, ओठ हलले. ओवी पाठ होती, गुरुजी. माझ्या मायची होती. आवाजच येईना. जातं फिरायलंय, हळद पडायली आन मी मुकी. हीच जाऊ, पंख्यासाठी येती ती, तिनं माझ्या हातावर हात ठेवून ओवी उचलली आन बायांना म्हणली, "रात्रीपासून घसा बसलाय तिचा." तिनं पुन्हा कधी तो विषय काढला न्हाई. म्हणून तिला पंख्याखाली बसू देते.

आता खरं दुखणं. माझी नात सतरा वर्साची, केजला कॉलेजात जाती. गाती. मोरीत गाती, भाकरी थापताना गाती, एसटीत गाती असं लोक सांगतात. परवा संभाजीनगरला त्या स्पर्धेची निवड हाय. सून म्हणती जाऊ दे, पण सून तर तिच्या शिंकंलाबी गोड म्हणंल. काल सांजंला लेकानं टीव्ही बंद केला, पोरीला मधी उभं केलं आन मला म्हणला, "आई, घरात कान तुझाच तिखट हाय. टीव्हीवाले बोलायच्या आधी तू सांगतीस कोण जाणार ते. हिचं ऐक. तू हो म्हणलीस तर गाडी काढतो. न्हाई म्हणलीस तर विषय बंद."

पोरगी म्हणली, "आजे, खरं सांग बरं का. माया करू नको."

गायली. संपली. हात जोडून उभी ऱ्हायली. आन मी थांबले, जसा त्यो खुर्चीतला थांबतो. लेक बघायला, सून बघायली, जाऊसुद्धा पंखा सोडून पुढं सरकली. मी म्हणलं, "उद्या सांगते, माझं औषध द्या आधी." तिचं तोंड पडलं, पण हसून पाणी तिनंच आणून दिलं.

हो म्हणावं, तर तिथं हजार माणसांत कुणीतरी तिच्या खांद्याला छडी टेकवंल. न्हाई म्हणावं, तर ती छडी माझ्याच हातात. बरं, मी आंथरुणात पडलेली, कुणाच्या घरी जाऊन लपताबी येत न्हाई.

खालचा सूर तिचा चांगला हाय. वर चढला की चिरतो, असं मला ऐकू येतं. सुनंला येत न्हाई, लेकाला येत न्हाई, जावंला येत न्हाई. रातभर तेच घोळवलं. सकाळी ती आंगणात गायली तवाबी मला तो चिरलेलाच ऐकू आला, आन त्याच्या मागोमाग पोटात काय आलं ते सांगू? हेवा. सख्ख्या नातीचा. माझ्या गळ्यातून जे निघालं न्हाई, ते ही चूळ भरता भरता काढती. तर तिचा सूर खरंच चिरतो का माझ्या कानालाच तो चिरलेला पाहिजे, ते मला कळंना झालंय. कानावर इतकी वर्सं भरवसा ठेवला, आन तो गरजंच्या दिवशी असा निघाला.

तुमी गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कुणीतरी सांगितलं, तवाच वरीस होऊन गेलतं. हे पत्र टाकायला पत्ता न्हाई. असता तरी टाकलं नसतं, तुमी लाल शाईनं चुका काढल्या असत्या. पाचच्या एसटीनं पोरगी येईल, दप्तर टाकून आधी माझ्या खाटंपशी उभी ऱ्हाईल. तिला मी उत्तर देणार न्हाई. तिच्या बापानं द्यायचं न्हाई, सुनंनं द्यायचं न्हाई. खुर्चीतल्या माणसांची पाळी परवा. आज तुमची हाय, गुरुजी, मेलात म्हणून सुटका न्हाई. तुमी सांगायचं, आन पोरीच्या तोंडाकडं बघून सांगायचं.