बोकोबाला नेऊ नकोस

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि पोरं मजेत असाल. आमचंही बरं चाललंय. लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. मी फोनवर बोलायला लागले की बाबा टीव्हीचा आवाज बारीक करतात. कान अजून तिखट आहेत त्यांचे.

रविवारी तू टोपली घेऊन बोकोबाला न्यायला येणार आहेस, असं ते सांगत होते. "घरभर मुततो, सोफ्याची वाट लावली," अशी तक्रार त्यांनीच केली ना तुझ्याकडे? तक्रार अगदीच खोटी नव्हती. गेल्या महिन्यात बोकोबाने ताळतंत्र सोडलं होतं. त्याचा वाळूचा ट्रे सोडून दारातलं पायपुसणं, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, काही म्हणून ठेवलं नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट मला पुन्हा पुन्हा धुवावा लागला. मला वाटलं, हा मुद्दाम छळतोय.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लघवी तपासली. खडा नाही, जंतू नाहीत. मग विचारलं, "ट्रे ठेवता कुठे? धुता कशाने?" मी ऐटीत सांगितलं, वॉशिंग मशीनशेजारी, आणि रोज ब्लीचने घासते. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या वासात तुम्ही तरी बसाल का? त्यात मशीन धडधडायला लागलं की तो बिचारा पळणारच. मांजर सूड म्हणून असं करत नाही. त्याची काहीतरी अडचण असते. ओरडू नका, अडचण शोधा."

डाग काढण्यात माझा जन्म चाललाय, आणि माझ्याच स्वच्छतेने त्याला पळवून लावलं! ट्रे जिन्याखाली नेला, साध्या पाण्याने धुवायला लागले. तेव्हापासून बोकोबा शहाण्यासारखा ट्रेमध्येच जातो.

पण सोफा ओला व्हायचा थांबला नाही.

आता पुढचं कसं लिहू? तुला कळलंच असेल. मांजराच्या लघवीचा वास नाकात बसतो. हा वास तो नाही. वासावरून डाग ओळखायला मला बाबांनीच शिकवलं, त्यामुळे त्यांना कळत नाही असंही म्हणता येत नाही. परवा मी सोफ्यावरची चादर काढत होते, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोक्याचंच आहे गं ते." मी म्हटलं, "हो बाबा, त्याचंच." आणि मशीनमागे जाऊन रडले.

मग डॉक्टरीणबाईंचं ऐकलं. खालची खोली हवेशीर आहे असं सांगून बाबांचा पलंग बाथरूमशेजारी हलवला. वाटेतली गाठोडी उचलली, मोठा दिवा लावला, बाथरूमच्या दाराची घट्ट कडी बदलून घेतली. थोडा फरक आहे. पण त्यांना डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आणि या दुखण्यासाठी ते माझ्याबरोबर यायचे नाहीत. मुलीपुढे लाजतात रे. तुझ्याबरोबर येतील. हवं तर "माझीच तपासणी आहे, सोबत चला," म्हण.

तेव्हा रविवारी नक्की ये, पण टोपली आणू नकोस. बोकोबा गेला तर बाबा कोणाचं नाव सांगतील?

आणि हो, घरात आलास की आधी सोफ्याकडे बघ आणि बाबांच्या देखत बोकोबाला चांगला रागाव. मीही रोज रागावते. तोंडाने ओरडते आणि हाताने त्याचे कान खाजवते. तो ओरडा खाताना मस्त घुरघुरतो. बाबा तेवढ्यापुरते निवांत बसतात.

वाट बघते. आम्ही तिघंही.

तुझी,
छोटी